घट

नाव अधिक,
आणि आठ महिने सगळा खटाटोप उणं होण्याचा.

दुबईत, नायफच्या मागच्या गल्लीत, तिसऱ्या मजल्यावर
आम्ही सात गलाईवाले एका खोलीत.
चौघं खानापूर तालुक्यातले, तिघं आटपाडीकडचे,
एक फ्रीज, आणि त्याच्या दारात
अधिकची अंडी, रोजची सहा,
टरफलावर पेनानं वार लिहिलेला.

पांढरं तो खायचा.
बलक माझे.
टाकवत नाहीत हो. आमच्याकडं अंड्यातलं पिवळं
आजारी माणसासाठी राखून ठेवायचे.
मी धडधाकट, त्रेपन्नाचा,
आणि त्याच्या पोटावरनं जे जे उतरलं
ते सावकाश माझ्या पोटावर चढलं.
खोलीचा जमाखर्च बरोबर.

त्याचा जिमवाला, मनिलाकडचा रोमेल, म्हणाला होता
पोटावरच्या सहा वड्या प्रत्येकाला असतात,
वर थर असतो फक्त. थर काढ.
अधिकला लगेच पटलं.
आम्हा लोकांना पटायचंच.
दुकानाच्या फरशीवरचा केर आम्ही पोत्यात साठवतो,
जाळतो, धुतो, पुन्हा जाळतो,
राखेतून सोनं निघतं.
असतंच ते. दिसत नसतं.

मग तो ओट्स तोलू लागला सोन्याच्या काट्यावर,
पंख्याच्या वाऱ्यानंही आकडा हलतो असल्या काट्यावर,
चाळीस ग्रॅम, टिंब, शून्य शून्य.
शेठनं पाहिलं. म्हणाला,
हा दाणा किती कॅरेटचा?

शुक्रवारी मटण शिजायचं.
वास नको म्हणून तो अब्राच्या धक्क्यावर जाऊन बसायचा,
तर पाण्यावरनं कुणाच्या तरी कबाबचा धूर
बरोबर त्याच्याच अंगावर.

एका रात्री विचारलं त्यानं,
मामा, एवढं कडक पाळावंच लागतं का?

मला आठवली माझी पहिली मेडिकल.
एकोणीस वर्षांचा मी. एक्स-रेच्या खोलीबाहेर
शर्ट काढून उभी केलेली चाळीस पोरांची रांग.
प्रत्येकाच्या पोटावर त्या वड्या.
त्यांना काय म्हणतात कुणाला माहीत नव्हतं.
आम्ही हातांनी झाकून उभे होतो.

हे मी बोललो नाही.
बोललो ते धंद्यातलं.
शंभर नंबरी म्हणतात, पण शंभर कुणीच गाळत नाही.
नऊशे नव्व्याण्णव, टिंब, नऊ.
उरला कण मुशीत राहू द्यायचा.
त्याच्या मागं लागलास
की घट सोन्याचीच यायला लागते.

तो म्हणाला, म्हणजे एक भाकरी चालेल?
अर्धी, मी म्हणालो.
तीही त्यानं तोलली.

ऑक्टोबरात दिसल्या.
चार नीट, दोन उजेडाच्या मर्जीवर.
खोलीतल्या ट्यूबखाली काहीच नाही.
जिन्यातल्या पिवळ्या दिव्याखाली, बाजूनं, श्वास धरून, सहा.
फोटो मीच काढला.
चार दिवस पाणीसुद्धा बेतानं प्यायलेला तो,
ओठ फुटलेले. ते फोटोत आले नाहीत.
कुणाला पाठवला, मी विचारलं नाही.
पाठवला, आणि बराच वेळ
फोन उताणा ठेवून बसला एवढं बघितलं.

सकाळी सवयीनं मी सहा अंडी सोलली.
पांढरं त्याच्या ताटलीत, पिवळं माझ्या.
मीठ लावलं. दोन तोंडात टाकली.
मामा, तो दारातून म्हणाला, खांद्यावर टॉवेल,
उरलेले आज मला द्या.

चारही दिले.
उभ्या उभ्याच खाल्ले त्यानं, न तोलता.
ओठाच्या कोपऱ्याला गुंजभर पिवळं राहिलं.
मी राहू दिलं.